फळीवरचं वर्ष

आमच्या धाकट्या सुनेच्या हातात कुठलीही गोल वस्तू द्या, ती फिरवत बसते. पेन्सिल द्या, लाटणं द्या, माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली द्या. दोन्ही हातांच्या बोटांत धरून एका वेगानं, न थांबता. पाहुण्यांना वाटतं, हिला हाताचा काहीतरी विकार आहे. मी सांगते, विकार नाही हो, विद्या आहे. काच तापून मऊ झाली की ती अशी सारखी फिरवत ठेवावी लागते. हात थांबला की ती एका अंगाला लोंबते आणि केलेलं सगळं वाया. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला हे कुठून कळणार? तिनंच सांगितलं, भाजी निवडता निवडता.

ती लग्न होऊन आली त्याच वर्षी सरकारी विद्यापीठात चिकटली. काम काय, तर रसायनाच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणं. अकरा वर्षं तिनं ती धुतली. त्या खोलीत भांडी धुण्याच्या, मोरीसारख्या दोन मोठ्या टाक्या, वर गरम पाण्याचा एक नळ आणि भिंतीवर लाकडी खुंट्या. खुंट्यांवर उलट्या टांगलेल्या बाटल्या आणि नळ्या. धुताना एखादी फुटली की ती तुकडे टाकून द्यायची नाही. कागदात गुंडाळून तळघरात न्यायची, कारण तळघरात मास्तर होते.

मास्तर म्हणजे विद्यापीठाचे काच घडवणारे. प्रयोगाला लागणारी वाकडीतिकडी नळकांडी बाजारात मिळत नाहीत, ती ते करून द्यायचे. फुटकी सांधून द्यायचे. शिवाय त्याच तळघरात एक वर्षाचा सर्टिफिकेटचा कोर्स चालवायचे, आठ-नऊ जणांचा. आमची बाई तुकडे घेऊन खाली जायची आणि अर्धा तास वर यायची नाही. एक दिवस मास्तर म्हणाले, "तू रोज इथं उभी राहून बघतेस. बघण्याचा कोर्स नाहीये माझ्याकडे. बसायचं तर बस."

घरी येऊन तिनं सांगितलं, तेव्हा मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "भांडी घासणाऱ्या बाईला आता भांडी घडवायची हौस आली का? चाळिशीला आलीस. केस पांढरे झाले."

ती म्हणाली, "आई, काचेला केस दिसत नाहीत."

माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, बस चालवतो. तो जेवता जेवता म्हणाला, "बसू दे गं तिला. फार तर काय, घरातले ग्लास फुटके निघतील." म्हणजे त्यालाही भरवसा नव्हताच, फक्त तो गोड बोलला.

पण तिनं ते वर्ष काढलं. सकाळी भांडी धुणं, दुपारनंतर तळघर. बोटांवर तांदळाएवढे चट्टे पडले. ज्योतीकडे बघायला जांभळट काचांचा चष्मा लागतो, त्याची खूण नाकावर कायमची बसली. शेवटी परीक्षेला एकच वस्तू करायची असते. जाड नळीच्या आत बारीक नळीचं वेटोळं, बाहेरून थंड पाणी फिरतं आणि आतली वाफ गार होऊन थेंब थेंब गळते. कंडेन्सर म्हणतात त्याला. बाहेरगावचा परीक्षक आला, त्यानं तिचा कंडेन्सर उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि कागदावर सही करून निघून गेला. पास.

मी विचारलं, "मग सर्टिफिकेट?"

"ते वर्षानं, आई. आता ते फळीवर ठेवलंय."

"सर्टिफिकेट?"

"कंडेन्सर."

इथं मला फळीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. काच नीट भाजून हळूहळू थंड केली नाही तर तिच्या पोटात ताण राहतो. वरून ती चकचकीत दिसते. मग दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, कुणी हातही लावलेला नसताना ती आपोआप तडकते. तो ताण दाखवणारं एक यंत्र आहे, त्यात रंगीत पट्टे दिसतात. मास्तर यंत्र वापरायचे, पण त्याच्यावर विसंबायचे नाहीत. "यंत्र काचेचा रंग सांगतं, स्वभाव सांगत नाही," म्हणायचे. म्हणून तळघराच्या एकुलत्या एक खिडकीखाली त्यांनी लांब फळी ठोकली होती. तिथं दुपारी ऊन यायचं आणि पहाटे गारठा. परीक्षेत पास झालेला प्रत्येक कंडेन्सर नावाची आणि तारखेची चिठ्ठी लावून त्या फळीवर वर्षभर राहायचा. वर्ष टिकला तर मास्तर सर्टिफिकेटच्या कागदावर सही करणार. तडकला तर पुन्हा नवा करा, पुन्हा वर्ष थांबा. बावीस वर्षं हाच रिवाज.

तेव्हापासून आमच्या घरात रोजचा एक सवाल-जवाब सुरू झाला. ती दारात चपला काढत असताना मी आतून विचारायची, "आहे का गं?" आणि ती म्हणायची, "आहे, आई." शेजारणीला वाटायचं, घरात कुणीतरी आजारी आहे.

सगळं त्या कागदावर अडलं होतं. मास्तर त्या वर्षअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी अट एकच होती, त्या कोर्सचं सर्टिफिकेट हवं. विद्यापीठातल्याच माणसाला आधी विचारणार होते आणि विद्यापीठात हे काम येणारी मास्तरांनंतर एकच होती. आमची भांडीवाली.

आठ महिने झाले. कंडेन्सर बसला होता आपला शहाण्यासारखा. आणि मग राज्याच्या शिक्षण मंडळाचं पत्र आलं.

मंडळ म्हणजे सरकारनं विद्यापीठांवर बसवलेलं मोठं कार्यालय. कुठली पदवी द्यायची, कुठलं सर्टिफिकेट द्यायचं, किती तासांचं, कुणाला द्यायचं, हे सगळं त्यांच्या मंजुरीनं. त्यात वाईट काही नाही, नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि कशाचंही सर्टिफिकेट वाटेल. तर त्यांनी नवा नियम केला होता. ज्या कोर्समधून लागोपाठ तीन वर्षं पाचाहून कमी लोक ठरलेल्या मुदतीत पूर्ण होऊन बाहेर पडतात, तो बंद. पत्राला तक्ता जोडला होता. काचकामाच्या कोर्सपुढे तीन वर्षांचे तीन आकडे होते. शून्य, शून्य, शून्य. पुढच्या महिनाअखेरीला बंद, आणि बंद झाल्यावर त्या कोर्सच्या नावानं एकही सर्टिफिकेट काढायचं नाही. कुणाचं काही म्हणणं असेल तर सुनावणीला या.

धाकटीच्या कंडेन्सरला अजून चार महिने बाकी होते.

मास्तर पत्र घेऊन परीक्षा विभागाच्या कारकुनाकडे तणतणत गेले. धाकटी मागोमाग. तिनं मला जसं सांगितलं तसं लिहिते.

"शून्य? तीन वर्षांत सव्वीस जण परीक्षा पास झाले माझ्याकडे. कारखान्यांत, दवाखान्यांत कामं करताहेत. हे शून्य आणलं कुठून?"

कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुमच्याकडून. दरवर्षी तक्ता कोण भरतं? 'मुदतीत पूर्ण केलेले' या रकान्यात शून्य कोणी लिहिलं? हे अक्षर कोणाचं, माझ्या बायकोचं?"

अक्षर मास्तरांचंच होतं. मुदत एक वर्षाची. वर्ष संपलं तेव्हा सगळे कंडेन्सर फळीवर होते, म्हणजे मास्तरांच्या हिशेबानं कुणीच पूर्ण झालेलं नव्हतं. खोटं कसं लिहायचं? म्हणून बावीस वर्षं त्यांनी प्रामाणिकपणे, ठसठशीत शून्य लिहिलं. नवा नियम येईपर्यंत तो रकाना कुणी वाचलाच नव्हता. इतका प्रामाणिक माणूस आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा कोर्स बुडवून बसलेला.

त्या संध्याकाळी ती दारात आली. मी विचारलं, "आहे का गं?" ती म्हणाली, "आहे. पण उपयोग नाही." आणि चपला न काढताच आत आली. त्यावरून मी ओळखलं, मोठं काहीतरी झालंय.

दुसऱ्या दिवशी तिनं मंडळाच्या नियमांचं पुस्तक आणलं. जेवणं झाल्यावर टेबल पुसून घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. ती वाचणार, मी ऐकणार. त्या पुस्तकाची भाषा अशी की एका वाक्यात माणूस शिरला तर बाहेर पडेपर्यंत चहा गार. मुलगा दोन पानांत खुर्चीवरच घोरायला लागला. मी मात्र ऐकत होते, कारण मला न कळणारं ऐकायची सवय आहे. एके ठिकाणी आलं, मंजूर अभ्यासक्रमातल्या सगळ्या अटी ज्या दिवशी पुऱ्या होतात, तो कोर्स पूर्ण झाल्याचा दिवस समजावा.

मी म्हटलं, "थांब. मंजूर म्हणजे कोणी मंजूर केलेला?"

"मंडळानं."

"मग त्या मंजूर कागदात फळी आहे का?"

 तिच्या हातातली पेन्सिल फिरायची थांबली. ती तळघरात बसायला लागल्यापासून पहिल्यांदाच थांबलेली मी बघत होते.

"आहे का म्हणजे, असणारच की," ती म्हणाली. मग पुस्तक मिटून, "आई, ते मी बघितलंच नाही."

तिला बघायला मिळेपर्यंत चार दिवस गेले. जुन्या कागदांची खोली विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, किल्ली एकाकडे, रजिस्टर दुसऱ्याकडे, आणि दोघं एका वेळी जागेवर कधी नाहीत. शेवटी बावीस वर्षांपूर्वी मंडळानं शिक्का मारलेला अभ्यासक्रम सापडला. बारा पानं. काचेचे प्रकार, ज्योत, सांधे, भट्टी, सहाशे तास काम, बाहेरच्या परीक्षकासमोर परीक्षा. तिनं तीनदा वाचलं. फळीचा एक शब्द नव्हता.

म्हणजे सव्वीसच्या सव्वीस जण परीक्षेच्या दिवशीच पूर्ण झाले होते. मुदतीत.

कुणालाही वाटेल, मग आनंदच आनंद. पण घरी येऊन ती कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, "आता काय झालं?"

"हे सुनावणीत सांगायचं म्हणजे काय सांगायचं, आई? की मास्तरांनी बावीस वर्षं मंजुरी नसलेली अट लावून लोकांची सर्टिफिकेटं अडवली? निवृत्त व्हायला थोडे दिवस उरलेत त्यांचे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कोर्स जातो. माझं तर जातंच."

मी म्हटलं, "मग त्यांना आधी सांग. पाठीमागून सांगू नकोस. एवढंच माझं म्हणणं."

तिनं तळघरात जाऊन त्यांच्यापुढे ती बारा पानं ठेवली. मास्तरांनी ज्योत बारीक केली, चष्मा काढला आणि वाचलं. 

"म्हणजे मी बावीस वर्षं बेकायदा?"

"बेकायदा नाही, मास्तर. न विचारता."

"न विचारता," ते म्हणाले. "आणि तू हे तिथं जाऊन सांगणार."

"तुम्ही हो म्हणालात तर."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर नाही सांगणार. भांडी धुते मी अजून, नोकरी आहे माझी."

 मास्तरांनी ज्योत मोठी केली आणि ते कामाला लागले. ती वर आली. सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत ना हो, ना नाही. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तिला हाक मारली आणि म्हणाले, "उद्या फळीवरचे कोणते कंडेन्सर न्यायचे ते काढून ठेव. कापसात ठेव हां. रस्त्यात फुटले तर मंडळ म्हणेल, बघा, हेच शिकवतात."

सुनावणी सगळ्यांना खुली होती, म्हणून मीही गेले. मुलानं सुट्टी काढली नाही, पण आम्हाला बसनं तो स्वतःच घेऊन गेला, तिकीट मात्र काढायला लावलं. मोठी खोली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि टेबलापलीकडे पाच माणसं. मधे अध्यक्षबाई, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. एकेका कोर्सला दहा मिनिटं. आमच्या आधी एका पदवी कोर्सचे तीन प्राध्यापक आले होते. तिघं मिळून इतकं बोलले की त्यांची दहा मिनिटं प्रस्तावनेतच संपली.

आमची पाळी आली. धाकटी उभी राहिली. तिचे हात रिकामे होते, तरी बोटं फिरत होती. मला वाटलं, हिला कुणीतरी पेन्सिल द्या रे.

पण आवाज ठाम होता. तिनं मंडळाचा नियम वाचून दाखवला, मंजूर अभ्यासक्रम पुढे ठेवला, मग परीक्षकांच्या सह्या असलेले तीन वर्षांचे निकालाचे कागद. "नऊ, आठ, नऊ. सगळे मुदतीत. तक्त्यातलं शून्य आमच्याकडून चुकून गेलं."

टेबलाच्या टोकाचा एक तरुण अधिकारी पुढे झुकला. "चुकून? बावीस वर्षं? बाई, तुम्ही तिथं कोण आहात?"

"मी तिथली भांडी धुते साहेब. आणि त्या नवांतली एक आहे."

"म्हणजे तुमचा स्वतःचा फायदा आहे यात."

"आहे की. फायदा नसता तर तुमचं पुस्तक कोणी वाचलं असतं?"

मागून कुणीतरी हसलं. अध्यक्षबाईही हसू दाबत होत्या, मी बघितलं. मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "परीक्षा झाल्यावर वर्षभर सर्टिफिकेट अडवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

मास्तर उठले. कोट घालून आले होते, आणि त्या कोटात ते दुसऱ्याचेच वाटत होते.

"कुणी नाही दिला, बाई," ते म्हणाले. "मी शिकून नवा नवा लागलो तेव्हा माझ्याकडे पक्कं सर्टिफिकेट होतं. मी केलेलं एक भांडं सहा महिन्यांनी वापरता वापरता तडकलं. आत उकळतं आम्ल होतं. ज्याच्या हातात होतं त्याला त्या हातानं पुन्हा पेन धरता आलं नाही. माझं सर्टिफिकेट तेव्हाही पक्कंच होतं. म्हणून फळी. कागद अडवले ही चूक माझी, यांच्यापैकी कुणाची नाही. फळी ठोकली ती चूक नव्हती."

 अध्यक्षबाईंनी गळ्यातला चष्मा लावला. "तुमच्या फळीवरचं आणलंय का काही?"

धाकटीनं कापसातून एक कंडेन्सर काढला. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची, वर्ष टिकूनही फळीवरच राहिलेला. बाईंनी तो हातात घेतला, खिडकीकडे धरला, आतलं वेटोळं बघितलं. मग त्यांनीही तो बोटांत जरासा फिरवला. तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं काम.

पाची डोकी एकत्र आली, कुजबुजली. मग बाईंनी वाचून दाखवलं. कोर्स पूर्ण झाल्याची तारीख परीक्षेचीच धरायची. आकडे दुरुस्त करायचे. कोर्स चालू राहील. अडवलेली सगळी सर्टिफिकेटं पंधरा दिवसांत द्यायची, आणि यापुढे मंजुरीत नसलेली अट एक दिवसही लावायची नाही. इथं त्यांनी मास्तरांकडे रोखून बघितलं. "आणि फळी हवी असेल तर विचारा. अर्ज करा. विचारलंत तर आम्ही नाही म्हणू, असं बावीस वर्षं गृहीत का धरलंत?"

मास्तर म्हणाले, "फॉर्म मोठा असतो, बाई."

या वेळी सगळी खोली हसली.

अडवलेली सर्टिफिकेटं दहा निघाली. धाकटीच्या वर्गातली नऊ आणि दहावं एका चाळिशीच्या, टक्कल पडलेल्या माणसाचं. दोन वर्षांपूर्वी त्याचा कंडेन्सर फळीवर तडकला आणि तो रागावून गावी निघून गेला होता. आता पोस्टानं त्याला सर्टिफिकेट गेलं. आठ दिवसांनी तो ते हातात घेऊन तळघरात हजर. मास्तर म्हणाले, "आता काय? मिळालं ना?" तो म्हणाला, "मिळालं. आता खरं करतो. बर्नर कुठला घेऊ?"

धाकटीचं सर्टिफिकेट आलं त्या दिवशी मुलगा ते सगळ्या डेपोला दाखवून आला, म्हणून त्याच्या कोपऱ्यावर चहाचा गोल डाग आहे. जागेचा अर्ज तिनं भरला, मुलाखत झाली, मास्तर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तळघराची किल्ली तिच्या हातात आली. भांडी धुण्याच्या खोलीतून तिच्या जागी आलेली नवी बाई आता फुटके तुकडे घेऊन खाली जाते. ऐकते मी, तीही वर यायला वेळ लावते.

फळीचा अर्ज धाकटीनंच भरला. एकोणीस पानं. मंडळानं उत्तर दिलं, सर्टिफिकेट परीक्षेनंतर लगेच द्या, आणि काम वर्ष टिकलं तर त्याच कागदावर वेगळा शिक्का मारा, तो मंजूर. आता पोरं कागद घेऊन नोकरीला लागतात आणि वर्षानं शिक्का मारून घ्यायला परत येतात. कारखानेवाले पण विचारतात म्हणे, शिक्का आहे का.

पण मधे ते चार महिने होतेच. किल्ली मिळाली, जागा मिळाली, सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, तरी ती दारात चपला काढायची आणि मी विचारायचीच, "आहे का गं?" मुलगा म्हणायचा, "अगं आई, आता तडकला तरी काय बिघडतंय?" आम्ही दोघी त्याच्याकडे अशा बघायचो की तो पेपर उचलायचा.

वर्ष भरलं त्या दिवशी भिंतीवरचं सर्टिफिकेट बरोबर घेऊन ती मला घेऊन गेली. तळघराच्या पायऱ्या उतरताना माझे गुडघे बोलत होते, पण गेले. मास्तरही आले होते, या वेळी कोट न घालता. तिनं फळीवरून कंडेन्सर उचलला, धूळ पुसली, वर प्रयोगशाळेत नेऊन दांडीला अडकवला आणि पाण्याची नळी जोडली. खाली बाटलीत काहीतरी उकळायला लागलं. आतल्या वेटोळ्यात वाफ चढली, पांढुरकी झाली. आम्ही तिघं मान वर करून उभे. मग टोकाशी एक थेंब जमला, मोठा झाला, आणि पडला.

मास्तरांनी खिशातून शिक्का काढून तिच्या हातात दिला. "मार," म्हणाले. "आता तूच मारायचा."

तिनं स्वतःच्या सर्टिफिकेटवर, चहाच्या डागाच्या बरोबर शेजारी, शिक्का मारला. जरा तिरका बसला. मी म्हटलं, "तिरका आला गं."

"असू दे, आई," ती म्हणाली. "टिकणार आहे."